त्रेचाळीस चिठ्ठ्या

मंगळवार, ७ जानेवारी
पाठ धरली आहे. दिवसभर प्रशिक्षण – "वर्गातील मानसिक लवचिकता". प्लास्टिकच्या खुर्चीवर सहा तास! कंबर वाकेना झाली आहे, मन कुठून वाकवू? प्रशिक्षक माझ्या भाच्याच्या वयाचा. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. मन सारखं जे घोकत असतं ते वाक्य चिठ्ठीवर लिहायचं. त्याच्याशी भांडायचं नाही, खरं-खोटं करत बसायचं नाही. चिठ्ठी जवळ ठेवायची आणि तिच्यासकट हातातलं काम करायचं.

मी लिहिलं – आता माझ्याच्याने होत नाही. पर्समध्ये टाकली.

बुधवार, ८ जानेवारी
भूमितीचे दोन धडे मागे. मोठ्या बाई – "पोर्शन कधी संपवणार?" घरी हे – "झालीस ना लवचिक? मग वरच्या फळीवरचा डबा काढ बघू." हसायचंही त्राण नव्हतं.

शुक्रवार, १० जानेवारी
नववीत मौनीला फळ्यापाशी बोलावलं. मुलांनीच ठेवलंय नाव, बोलतच नाही म्हणून. खडू धरून नुसती उभी. मागे खिदळणं सुरू. "जा, बस." पेपरही कोरे देते. वार्षिकलाही कोरा दिला तर वर्ष गेलंच तिचं. गेल्या वर्षी मार्क बरे होते, हे विशेष! मधल्या सुट्टीत तिची आई आली होती. "घरी सगळं सोडवते हो, बाई. शाळेत काय होतं तिला, तुम्हीच बघा." काय बघू? त्रेचाळीस पोरं आहेत माझ्यापुढे.

सोमवार, १३ जानेवारी
वर्गात चिठ्ठ्या लिहून घेतल्या. म्हटलं, कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. घडी घाला, कंपासपेटीत ठेवा. वर्ग इतका गप्प! मौनीसुद्धा कागदावर वाकली होती. तेवढ्यात घंटा झाली आणि तोंडातून निघून गेलं – "चला, मागून पुढे द्या!" सव्वीस वर्षांची सवय. पोरांनी निमूट दिल्या. जिना उतरल्यावर हातातल्या गठ्ठ्याकडे लक्ष गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवार, १४ जानेवारी
सगळ्या टेबलावर पसरल्या. "चुकले मी. एकही उघडलेली नाही." मागच्या बाकावरून – "खरंच, बाई?" खरंच. घडीवरून ज्याने त्याने आपापली ओळखली. कुणाची होडी, कुणाची पुडी, एकाने तर विमान केलेलं!

बेचाळीस गेल्या. एक उरली – नखाएवढी, चौकोनी. मौनी जागची हलली नाही. तिच्या पेपरसारखीच कोरी असणार. पर्समध्ये माझ्या चिठ्ठीशेजारी ठेवली. उघडावीशी फार वाटली. नाही उघडली.

बुधवार, १५ जानेवारी
व्हरांड्यात तिला गाठलं. "अगं, तुझी चिठ्ठी राहिली माझ्याकडे." नजर फरशीकडे गेली. मग – "ती तुमचीच आहे, बाई. वाचा तुम्ही." आणि पळाली.

शिक्षकांच्या खोलीत बसून उघडली. बारीक, नीट अक्षर. "तुझ्या एकटीसाठी वर्ग थांबणार नाही."

माझंच वाक्य. जुलैतलं. ती फळ्यापाशी अडली होती आणि मला धडा उरकायचा होता. मी म्हटलं आणि वर्गाबाहेर पडेपर्यंत विसरलेसुद्धा! तिने सहा महिने जसंच्या तसं सांभाळलं. लाज वाटली. फार लाज वाटली. चहा तसाच गार झाला.

गुरुवार, १६ जानेवारी
मौनीला फळ्यापाशी बोलावलं. तशीच उभी. खिदळणाऱ्यांना गप्प केलं आणि मी जाऊन मागच्या बाकावर बसले. मोठ्या बाई दारातून डोकावून गेल्या. डोकावू देत! नऊ मिनिटं गेली. मग तिने दोन ओळी लिहिल्या. दुसरी चुकली. डस्टर उचललं, वळली आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाली, "थांबा हं, बाई."