आबांचा विसावा दुभाजकात

मु. पो. आपली वाडी, महामार्गाच्या अलीकडे
(पलीकडे काय आहे ते पुढे येईलच)

तीर्थरूप उदयसिंहदादांस, धाकट्या सयाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (फोनवर आपलं अरेतुरे चालतं, पण कागदावर तुम्हीच म्हणायचं ही आबांची शिस्त. ते गेले म्हणून लगेच मोडवत नाही.) तिकडची थंडी सोसण्याइतकी असावी. इकडे सगळे खुशाल. आईची तब्येत ठणठणीत आणि पाय तर माझ्याहून घट्ट. माझी तक्रार त्या पायांचीच आहे. ती रोज दिवेलागणीला सहापदरी महामार्ग चालत ओलांडते. फोन केला की ती शेजारी कान देऊन बसते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तुम्हाला रजा मिळाली नाही, आणि आबांचं सगळं व्यवस्थित पार पडलं असं गावानं तुम्हाला कळवलं. दादा, व्यवस्थित काही झालं नाही.

आबांनी अख्खी नोकरी या रस्त्यावर एसटी चालवली. आपल्याला झोपवताना थांबे म्हणायचे: शिरवळ, खंबाटकी, भुईंज, सातारा, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाका. कागलला राज्य संपायचं आणि आपले डोळे मिटायचे. तेव्हा समोरासमोरच्या दोन गाड्या अंग चोरून जायच्या आणि वर वडांची सावली असायची. मग चौपदरी झाला, वड गेले. मग चार नंबरचा अठ्ठेचाळीस नंबर झाला. (आबा म्हणाले, रस्त्याला बढती मिळाली, खड्डे मात्र जुन्याच जागी नेमणुकीला.) आता सहापदरीचं काम चालू आहे, कधीपासून ते विचारू नका. माझं चहाचं हॉटेल दर वेळी मागं सरकलं. अजून एकदा रुंदी वाढली की गिऱ्हाइकांना मी आपल्या देवघरात बसवणार. आपण कुठं गेलो नाही, रस्ताच दारात आला. मसणवट तेवढी पलीकडे राहिली.

आणि विसावा राहिला मधोमध. वाटेत तिरडी टेकवून खांदेकरी बदलायचा तो दगड, जिथवर आपल्या गावच्या बाया पोचवायला येतात आणि माघारी फिरतात, तो आता दुभाजकात कण्हेरीच्या झुडपांत आहे. चौपदरी होता तेव्हा तिथं फट होती. आता ती बुजवली. पुलाखालून जा म्हणतात. आबा गेले त्या दिवशी पुलाखाली कमरेएवढं पाणी होतं.

तेव्हा सगळा गाव तिरडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. पुढं मी, हातात मडकं. (ते तुमच्या हातात असायचं. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता, लिहून टाकतो.) एवढी गर्दी बघून पोलिसाची गाडी आली. त्याला वाटलं रास्ता रोको आहे. त्यानं मागणी काय म्हणून विचारलं. तानाजीकाका, ज्यांनी जन्मात सरळ उत्तर दिलं नाही, शांतपणे म्हणाले, "मागणी येकच हाय सायेब. पल्याड जायाचंय."

माणूस भला. त्यानं अलीकडची वाहतूक अडवली, पण बायांना सोडणार नाही म्हणाला. आम्ही पळतच दुभाजकात पोचलो आणि आबांना दगडापाशी टेकवलं. पलीकडच्या गाड्या मात्र कुणाला दाद देईनात. आबांनी आयुष्यात कुठल्या स्टँडवर घेतला नसेल एवढा मोठा विसावा तिथं घेतला. एका मोटारीतून कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला. शेवटी एक एसटी आली. ड्रायव्हरनं तिरडी बघितली आणि गाडी सरळ आडवी लावली. मयत ड्रायव्हरची आहे हे कळल्यावर तो खाली उतरला आणि त्यानंही खांदा दिला. मी तिथं पहिल्यांदा रडलो.

आई अलीकडेच राहिली. गाड्यांच्या फटींतून जेवढं दिसलं तेवढं तिनं बघितलं. तेव्हापासून रोज तांब्या भरून निघते आणि दगडावर पाणी घालून येते. मी ओरडलो, तिच्या सुनेनं, पूजानं, तांब्या लपवून बघितला (ती पेला घेऊन गेली), तानाजीकाकांनी समजूत घातली. तिचं उत्तर ठरलेलं: "म्या त्यास्नी इसाव्यापतूर पोचवलंच न्हाई रं. अर्ध्यात सोडल्यागत वाटतंय."

काल एका ट्रकनं तिच्या पदराला वारा घालत ब्रेक मारला. दादा, एक मडकं धरून झालं, दुसरं एवढ्यात धरायची माझी ताकद नाही. ती तुमचं ऐकते. रजा काढून या आणि तिला अडवा.

पूजाचा नमस्कार.

आपला धाकटा,
सयाजी

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता आई निघाली. अडवायला मागं धावलो आणि तिच्याबरोबर रस्त्यातच सापडलो. पाय माझेच मागं फिरायला लागले. तिनंच मनगट धरून ओढून नेलं. दगडावर पाणी घातलं, थोडं माझ्या हातानं घालायला लावलं. मग म्हणाली, "दादालाबी आण येकदा. त्यानं बापाला बघितलंबी न्हाई."

ता. क. दुसरा. वर अडवा म्हणून लिहिलं आहे ते खोडत नाही, पण वाचूही नका. येताना तुम्ही तिकडं कामावर घालता ती अंधारात चमकणारी जाकिटं आणा. एक आईला, एक मला. तिसरं तुमच्या मापाचं.