पांढऱ्या दोऱ्याच्या शेळ्या

बसवनगुडी, बंगळूर
१२ ऑगस्ट १९९४

चि. सौ. तुंगास अनेक आशीर्वाद, वि. वि.

खंडोजीरावांचा खोकला उतरला हे वाचून बरे वाटले. विडी सुटली असे मात्र तू लिहिलेले नाहीस.

आता कामाचे. भार्गवीने परीक्षेच्या चाचणीसाठी तुझ्या शेळ्यांच्या लेंड्या तिच्या जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात तपासल्या. लाल दोरा बांधलेल्यांना पळसाच्या बियांची पूड दिली, त्यांचे जंत कमी झाले. पांढऱ्या दोऱ्याच्यांना नुसता गूळकोंडा द्यायचा होता, तर त्यांचेही तितकेच कमी! तिचे सर म्हणतात, हा चांगल्या चाऱ्याचा गुण, पुडीत काही नाही. तसे लिहून विषय संपव, असे त्यांनी तिला सांगितले. लेक माझी धड जेवत नाही. गूळकोंड्याने जंत पडतात असे मला तरी कॉलेजात कोणी शिकवले नाही. तू काय केलेस ते खरे लिही.

तुझी अक्का,
अनुसूया


आनेकल
१७ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास तुंगाचा सा. नमस्कार, वि. वि.

रागावशील म्हणून आधीच पाया पडते. पांढऱ्या दोऱ्याच्यांनाही मी स्वल्प स्वल्प पूड घातली. एकाच दावणीला उभ्या; एकीला औषध आणि शेजारणीने नुसते बघायचे? पंक्तिप्रपंच करू नये असे आईनेच शिकवले ना? हे म्हणाले, अक्काला कळले तर तुझ्याच गळ्यात दोरा बांधेल. भार्गवीला सांग, मावशी चुकली. तुम्हा दोघींची माया आटू देऊ नका.

तुझी तुंगा


बंगळूर
२२ ऑगस्ट १९९४

चि. सौ. तुंगास अनेक आशीर्वाद, वि. वि.

भार्गवीने सरांना खरे सांगितले. तिची परीक्षा लांबली. पण चाचणी पुन्हा करायला ते कबूल झाले.

पंगतीत काय वाढतो ते आपल्याला ठाऊक असते. इथे कोणत्या पानात गोड पडले हेच ठाऊक नाही. पळस आजीच्या काळापासून चालत आला म्हणून तो लागू पडतोच असे नाही, आणि सरांना पटत नाही म्हणून तो खोटाही नाही. जंत पुन्हा वाढले की सुरुवात कर. या वेळी हात आवर.

अक्का


आनेकल
२१ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास सा. नमस्कार, वि. वि.

सरी, बरे म्हणून तू सांगितलेस तसेच केले. लाल दोऱ्याच्या उड्या मारतात. पांढऱ्यांपैकी चंद्री मात्र कालपासून उठत नाही. डोळ्यांच्या आत पांढरीफटक. पुडीचा डबा हाताशी आणि मी हात बांधून बसले आहे. देऊ का गं? पळसाने ती नक्की उठेल. शेजारचा वेणुगोपाल तिकडे येतो आहे, त्याच्या हाती पत्र देते. लगेच कळव.

तुंगा


बंगळूर
२१ नोव्हेंबर, दुपार

चि. सौ. तुंगास आशीर्वाद.

पूड देऊ नकोस. जी लागू पडते की नाही हे ठरायचे आहे, तिच्या भरवशावर मरते जनावर ठेवू नये. भार्गवी दवाखान्यातले औषध आणि हे पत्र घेऊन येते आहे. आधी औषध पाजा, मग पत्र वाच.

चंद्री चाचणीतून बाहेर. जनावर कधी बाहेर काढायचे हे आधीच ठरवायला हवे होते. ते मलाही सुचले नाही, भार्गवीलाही नाही. आता सर म्हणतील, पुरावा अपुरा. म्हणोत.

चंद्री पुडीवाचून मेली, तर पळसाची बाजू भक्कम होईल, असे मी भार्गवीला मुद्दाम म्हणून पाहिले. ती चपला घालून दारात उभी राहिली आहे, म्हणून पत्र आवरते.

तुझी अक्का