चेहरा उद्या

१ ऑगस्ट १९८२
विहाराच्या भिंतीवर तथागतांचं चित्र काढायचं काम मला मिळालं! पंधराला उद्घाटन. त्याच आठवड्यात लातूर जिल्हा होणार. नव्या जिल्ह्याचा पहिला चित्रकार मीच. माझ्या कलेत हैदराबाद, अजिंठा आणि जपान यांचा संगम आहे. हैदराबादेत तीन वर्षं सिनेमाचे बॅनर केले. बाकी दोन्ही कॅलेंडरवर पाहिलेत.
संकल्प : उद्या पहाटे चेहरा.

२ ऑगस्ट
चेहरा घेतला नाही. आधी वातावरण, ही जपानी पद्धत. पिंपळ काढला. चेहऱ्याकडे वळणार तोच पाण्याचा टँकर आला. आधी बादली भरून घेतली.

५ ऑगस्ट
तथागतांच्या अंगावरचं चीवर पूर्ण. ब्रश धुवायला आणखी एक बादली मागितली. कमिटीचे ग्यानोबामामा म्हणाले, प्याला पानी न्हाई अन् तुमच्या ब्रशाला दोन दोन बादल्या? सुटलो. पाण्याशिवाय चेहरा कसा होणार?

८ ऑगस्ट, दुपारी
मामांनी घरची घागर आणून दिली. मी धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले.
हैदराबादचे बॅनरवाले उस्ताद आठवले. चेहरे ते स्वतः करायचे, माझ्याकडे कपडे आणि पाय. मी वर सरकलो की म्हणायचे, उधर नक्को. माझ्या प्रगतीचा धसका घेतला होता त्यांनी.

११ ऑगस्ट
पावलं झाली. अप्रतिम!
सरजाबाई आजी रोज येऊन बसते. तिला मोतीबिंदू. म्हणते, दिसतंय तवर भगवंताचं तोंड बघू दे बाबा.
बायको, सिंधु, म्हणाली, हिरोचे चेहरे काढले म्हनून गावभर सांगता, मंग आता कामून भिऊन राहिलात? म्हटलं, ही कलावंताची अस्वस्थता.

१४ ऑगस्ट
चेहरा काढला. व्हिलन दिसतो. पुसला. पुन्हा काढला. पुन्हा तोच व्हिलन. पुसला. फार भीती वाटते. गाव हसेल. आजीला काय सांगू?
पहाटे नांदेडची बस येते आणि लगेच परत फिरते. सहज चौकशी केली.

१५ ऑगस्ट
पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. मामा आधीच हजर! बसमधून त्यांनी चेहऱ्यासाठी बोलावलेले नांदेडचे शिवमूर्ती पेंटर उतरले. मामा मला म्हणाले, बरं झालं, तुमी बी घ्याया आलाव. त्यांची पेटी मीच उचलली.
दुपारच्या आत चेहरा झाला. आजी बघत राहिली, रडली. मग पावलांवर डोकं टेकून म्हणाली, पाय लई खरे हायत. मलाही रडू आलं.
मामांनी नवं काम दिलं. गावच्या पाटीवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून ‘जिल्हा लातूर’ लिहायचं. त्यात चेहरा नाही, दोनदा विचारून घेतलं.
संकल्प : उद्या पहाटे अक्षरं.
आधी कडेची वेलबुट्टी.