नमद्याचे चार कान

बिश्केक, २ ऑक्टोबर

ती. मावशीस जिपाराचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. अट-बाशीच्या बसचा ड्रायव्हर घरी आणून देईल.

निवडणूक संपली. नव्या अध्यक्षांच्या शपथविधीची तयारी आमच्या कचेरीकडे आली आहे. बँड, झेंडे आणि पाहुणे दुसऱ्यांकडे, मंच माझ्याकडे. ओसमोनबेक साहेबांच्या डोक्यात आलंय, की जुन्या खानांसारखा लोकरीचा पांढरा नमदा मंचावर हवा. बाजारात मिळतात ते सगळे पिवळट. माझ्या मावशीकडे नऊ वर्षांची निवडक पांढरी लोकर आहे, असं मी बोलून गेले आणि मग जीभ चावली.

ती लोकर कशासाठी आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या लग्नात आम्हां दोघांना बसवायचा नमदा करायचा म्हणून तू दर वर्षी मेंढी पारखून घेतलीस. म्हणून आज सांगूनच टाकते. मावशी, मला लग्न करायचं नाही. कोणी भेटला नाही म्हणून नव्हे, करायचंच नाही. चार वर्षं हे तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. लोकर द्यायची की नाही ते तुझ्या मनावर. तू नाही म्हणालीस तर साहेब रागावतील, मी नाही.

चार हात लांब, चार हात रुंद, पंचवीस तारखेच्या आत. शपथविधी अठ्ठावीसला आहे.

माया होती तेवढीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी जिपारा

अट-बाशी, १४ ऑक्टोबर

चि. जिपारास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन दिवस लोकरीच्या पोत्यांकडे पाठ करून बसले. वाईट वाटलं, ते लपवत नाही. तिसऱ्या दिवशी पोती सोडली. पोरीचं लग्न नाही तर निदान देशाचं तरी लागू दे, असं शेजारच्या उमसुनाईला म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

अकरा जणी जमलो. लोकर काठ्यांनी झोडपली, बोरूच्या चटईवर पसरली, वर उकळतं पाणी ओतलं आणि वळकटी करून दिवसभर पायांनी लोटत राहिलो. लोटताना प्रत्येकीने एक मागणं मागायचं, हे तुला माहीतच आहे. उमसुनाईने रस्ता मागितला, तिच्या सुनेने सासू गप्प बसू दे म्हणून मागितलं. मी काय मागितलं ते आत्ता नाही सांगत.

नमदा उन्हात वाळत टाकला होता, त्याच्या शेजारी काल दुपारी माझा डोळा लागला. स्वप्नात तो हलके हलके वर निघाला होता, कुरणावरून, धुक्यातून. मेंढ्या माना वर करून बघत होत्या. वर कोणीतरी बसलं होतं. तोंड ढगात गेलेलं, काठावरून सोडलेले पाय तेवढे दिसले. करडे मोजे, एका टाचेला लाल दोऱ्याचं रफू. अध्यक्षांवर रफूचे मोजे घालायची वेळ यावी, याची जाग आल्यावरही काळजी वाटत राहिली.

चारही कोपऱ्यांना कढईला असतात तसे घट्ट कान लावले आहेत. जुन्या खानाला गादीवर बसवताना उचलत तसं चौघांनी कान धरून अध्यक्षांना उचलायचं म्हणजे पकड हवी. बूट मात्र आधी काढायला सांग. पांढऱ्या नमद्यावर बूट चालत नाहीत, मग कोणी का असेना.

पोटाला नीट खात जा आणि आमची आठवण ठेव.

तुझी मावशी, बुरमाकान

बिश्केक, २६ ऑक्टोबर

ती. मावशीस सलाम, वि. वि.

नमदा पोचला. उघडला तेव्हा खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटला. मग साहेबांनी कान पाहिले आणि विचारलं, हे काय. मी तुझं म्हणणं सांगितलं. ते पांढरेफटक पडले. अध्यक्षांनी नुसतं त्यावर उभं राहायचं होतं, उचलायचं कोणी सांगितलं, पडले बिडले तर काय, असं म्हणून त्यांनी मला कान कापून टाकायला सांगितलं. चूक माझीच. उभं राहायचंय असं मी लिहिलंच नव्हतं, आणि पांढरा नमदा म्हटल्यावर तू दुसरं काय समजणार.

नवे अध्यक्ष ठेंगणे आहेत. कचेरीत त्यांच्या उंचीची मी एकटीच, त्यामुळे तालमीत अध्यक्ष मीच. तीन दिवस रोज शपथ घेतेय. परवा साहेब चहाला गेले आणि मी कात्री हातात घेतली. तेव्हा मंच बांधणारे चौघे सुतार म्हणाले, की कापण्याआधी एकदा उचलून तरी बघू. मी बूट काढले आणि मधोमध बसले.

मावशी, त्यांनी मला खांद्याइतकं वर नेलं. छताच्या काचेतून ऊन उतरत होतं, सगळा रिकामा दरबार खाली मंद डुलत होता. मी पाय काठावरून सोडले. तू विणलेले करडे मोजे होते. फाटलेली टाच मी गेल्या हिवाळ्यात मिळेल त्या दोऱ्याने शिवली होती. तो लाल होता. हे तुला मी कधीच सांगितलं नव्हतं.

कान कापवले नाहीत. आत दुमडून ठेवले आहेत. अठ्ठावीसला टीव्हीसमोर बस.

तुझी जिपारा

अट-बाशी, ३० ऑक्टोबर

चि. जिपारास आशीर्वाद, वि. वि.

सगळं गाव उमसुनाईकडे टीव्हीसमोर होतं. अध्यक्ष चालत आले, नमद्यापाशी थबकले, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि वळसा घालून बाजूच्या फळीवर उभे राहिले. बायका संतापल्या. मी म्हटलं, असू दे, त्याचेही मोजे रफूचे असतील.

आता माझं मागणं सांगते. नमदा लोटताना नऊ वर्षांच्या सवयीने तेच तोंडून निघालं होतं, की माझ्या पोरीला तळहातावर झेलणारं माणूस मिळू दे. मी एकच मागितलं, तुला चार मिळाले. साहेबांचा चहा होईपर्यंत का होईना, झेललं त्यांनी. मला पुरे आहे. लग्नाचं पुन्हा विचारणार नाही.

नमदा कचेरीत पडू देऊ नकोस, घेऊन ये. त्यावर दोघांच्या बैठकीची जागा धरली होती. आपण दोघी बसू.

तुझी मावशी, बुरमाकान