दोन कॅमेऱ्यांतला उजवा डोळा

माय, तुझा उजवा डोळा मला अजून पाठ आहे. चेहरा कधी कधी धूसर होतो, फोटो काढून बघावा लागतो. पण त्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावरची ती वर जाणारी शीर, मध्येच वळसा घेऊन कानाच्या बाजूला झुकणारी, ती मी आत्ताही कागदावर काढून दाखवीन. मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढायची नोकरी धरली तेव्हा बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. तू सुरतेत, भेस्तानच्या खोलीत साड्यांना खडे चिकटवत होतीस. साखरेने तुझा डावा डोळा आतून रक्ताने भरला आणि तो परत आलाच नाही. राहिला उजवा. त्याच्यावर तुझं काम होतं, आणि त्याच्याचपायी आपण दोघी त्या खोलीत अडकलो होतो.

आमची कॅमेऱ्याची खोली कायम अंधारी ठेवावी लागे. खिडकीवर काळं कापड, दार बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने पेशंटच्या पापण्या मिटतात. तू स्टुलावर बसून हनुवटी टेकवतेस, मी म्हणते, ‘हलू नको,’ आणि प्रकाश चमकतो. पुढच्या आठवड्यात फिल्म धुऊन येते. डॉक्टरसाहेब ती भिंतीवर मोठी करून पाडतात आणि शिरेची जाडी मोजतात. साखरेच्या माणसाच्या डोळ्यात बिघाड वाढू लागला की शिरा फुगतात. तुझी ती वरची शीर दरवेळी किंचित जाड येत होती. डाव्या डोळ्यातही आधी असंच झालं होतं. साहेब गुजराती, पण माझ्याशी हिंदीत बोलत. म्हणाले, “अजून थोडी फुगली तर लेझर करावं लागेल. लेझरने नजर टिकेल, पण कडेचं आणि अंधारातलं कमी दिसेल. उगाच करायची गोष्ट नाही ती.” तेव्हापासून मी घरी आले की तू सुई कशी ओवतेस, चहात साखर टाकताना हात कुठे जातो, हेच बघत बसायचे. एकदा स्टोव्हपाशी तू कळण्याची भाकरी थापत होतीस. मी विचारलं, ‘आज कसं दिसतंय? काळे ठिपके आले का?’ तू हात न थांबवता म्हणालीस, “दवाखानामा बी डोळा, घर बी डोळा. तू मना डोळाशी बोलस पोरी, मनासंगे बोलत नही.” खरंच, त्या दिवसांत दुसरं काय बोलायचं ते मला सुचतच नव्हतं.

मग दवाखान्यात नवा कॅमेरा आला. त्याला फिल्म नव्हती, फोटो थेट कॉम्प्युटरवर उमटायचा. सगळे बघायला जमले. जुना कॅमेरा काढून टाकायचं ठरलं, त्याचे सुटे भाग मिळत नव्हते. मी नव्यावर तुझा डोळा घेतला आणि पडद्यावर ती शीर बघून साहेबांना हाक मारली. केवढी जाड दिसत होती. तिथले एक तरुण डॉक्टर म्हणाले, उद्याच लेझर करून टाका. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. “मशीन बदललं आहे. शीर बदलली का, ते आधी बघू.” जुना कॅमेरा जाईपर्यंत येईल त्या पेशंटचा डोळा एकाच दिवशी दोन्हीवर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. आधी जुन्या स्टुलावर, मग नव्यावर. तुलाही मी पुन्हा पुन्हा घेऊन आले. माणसं भरून जाणाऱ्या शटल रिक्षात तू माझ्या मांडीवर हात ठेवून बसायचीस आणि दवाखाना आला की तो काढून घ्यायचीस.

मला वाटलं होतं, काहीतरी एक हिशेब निघेल. नव्यात इतकं दिसलं की जुन्यातलं तितकं समजायचं, संपलं. तसं झालं नाही. नव्या कॅमेऱ्यात जवळजवळ सगळ्याच शिरा जाड येत, पण सारख्या नाहीत. बारीक शिरांच्या कडा पसरत, त्या जास्तच जाड वाटत. मोठ्या तेवढ्या नाही. एकाच डोळ्याचे एकाच कॅमेऱ्यावर लागोपाठ दोन फोटो काढले तरी थोडा फरक पडे, कारण आत रक्त वाहतं आहे, शीर काही दोरा नाही. साहेब पुष्कळ दिवस आकडे जुळवत बसले. शेवटी त्यांनी आपल्याला समोर बसवलं. तू विचारलंस, “दोन्ही मशीन येकच डोळाले दखतस ना? मंग कोन खोटं बोलस?” मी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “मासी, खोटुं कोई नथी बोलतुं. पण तमारी नस वधी छे के नहीं, ए आजे हुं नक्की नथी कही शकतो.” खोटं कुणीच बोलत नव्हतं, पण शीर वाढली की नाही हे आज त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. जुना कॅमेरा बंद पडायला आलेला. त्याच्यावरचे तुझे आधीचे सगळे फोटो आता मागेच राहणार होते. नव्यावर नव्याने सुरुवात करायची, काही महिने थांबायचं, मग काय ते कळणार. आणि त्या काही महिन्यांत डाव्यासारखं झालं तर? ते म्हणाले, तेही होऊ शकतं.

त्याच सुमाराला नाशिकहून माझ्यासाठी विचारणा आली होती. साहेबांच्या ओळखीच्या दवाखान्यात जागा होती, एकटीपुरती राहायची सोय होती. मला जायचं होतं, माय. त्या अंधाऱ्या खोलीतून उठून मी आपल्या खोलीत यायचे तर तिथेही साड्यांची पोटली दारापर्यंत, समोर भिंत, पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट. मी तुला नाशिकचं सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळीच लुगडं बदलून तयार बसलीस. म्हणालीस, “चाल. त्यास्ले सांग, लेझर करी टाका.” मी म्हटलं, ‘अगं, कदाचित गरजच नसेल त्याची.’ “नसो. मना डोळानी वाट दखत तू कितला दिन बठशी?” मी वाद घातला. तू चप्पल घालून बाहेर जाऊन उभी राहिलीस.

साहेबांनी तुला पुन्हा सगळं समजावलं, मग लेझर केलं. दुखलं तुला. तू माझं मनगट धरलं होतंस आणि हूं की चूं केलं नाहीस. नजर टिकली. शेवटपर्यंत तू मला दारातून ओळखत होतीस, तांदळातला खडा वेचत होतीस. पण दिवस कलला की तुला उंबरा दिसेना. संडास चाळीच्या टोकाला होता, वाटेत पाण्याची पिंपं आणि दुसऱ्यांच्या सायकली. तिथे तुला एकटीला कसं सोडणार? माझी सुटका व्हावी म्हणून तू जे केलंस, त्यानेच मी थांबले, हे आपल्या दोघींनाही कळत होतं. तू अधूनमधून विचारायचीस, “नाशिकनी जागा भरनी का?” मी म्हणायचे, भरली. ते खरंही होतं. तेवढं ऐकून तू खाली मान घालून साडीचे खडे निवडायला लागायचीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून पोटलं सोडायचे. त्या काळात मात्र आपण बोललो. तुझ्या माहेरच्या विहिरीबद्दल, बाबांच्या रागाबद्दल, तुला शाळेत का घातलं नाही त्याबद्दल. डोळ्याचं नाव कुणी काढत नसे.

लेझर लागणारच होतं की नव्हतं, हे कधीच कळलं नाही. कळण्याचा मार्गच उरला नव्हता. मी सुरतेतच राहिले, त्याच कामात. मशीनं पुष्कळ बदलली. नवीन मुली येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की एका मशीनचा फोटो दुसऱ्या मशीनच्या फोटोशेजारी ठेवून शीर फुगली म्हणू नका; पेशंट घाबरतो आणि आपल्याला काहीच सांगता येत नाही.

आता मलाही साखर आहे. तुला अक्षर येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. आता तूही नाहीस, तेव्हा हे धाडायचा प्रश्नच येत नाही, म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात आमचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात डोळे दाखवले. तिथला फोटो घेऊन घरी आले, दार लावलं, आमच्या मशीनवरचा माझा जुना फोटो काढला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून, पट्टी घेऊन, दुपारभर माझीच शीर मोजत बसले.