बटण पेशंटनेच दाबायचं

३ मार्च
पोचले. दार धाकटीने स्वतः उघडलं! मागच्या खेपेला माझ्या या बहिणीला कूस बदलायलासुद्धा दोघं लागत होती. आज म्हणते, ताई, बॅग इकडे दे, म्हातारी झालीस. मी म्हटलं, हातपाय म्हातारे झालेत, जीभ नाही, जपून राहा. दोघी खिदळलो.

तिचा कॅन्सर मणक्यात उतरला आहे. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, कळ जागच्या जागी. आता पोटाच्या कातडीखाली डबीएवढा पंप बसवला आहे. त्यातून बारीक नळी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेली आहे आणि दुखणं थांबवायचं औषध थेंबाथेंबाने थेट तिथे पोचतं. मी वजनमापं तपासण्यात हयात घालवलेली बाई. एवढ्याशा मापाला एवढा गुण पाहून खूश झाले.

मेहुण्यांची मात्र कंबर धरली आहे. भिंतीला हात लावत चालतात. चहा त्यांनीच केला. पाणचट.

४ मार्च
मेहुणे सकाळीच आपल्या भावाकडे निघून गेले. आजारी बायकोला सोडून! टॅक्सीत बसलेही नाहीत, मागच्या सीटवर आडवे झाले. वर मला सांगतात, ताई, पंपाच्या रिमोटला हात लावू नका. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नका, निघा.

दुपारी नर्स येऊन गेली. चुणचुणीत आहे. कळ फारच वाढली तर रिमोटचं बटण दाबून थोडं जादा औषध सोडता येतं. पण बटण पेशंटनेच दाबायचं, नातेवाइकाने कधीही नाही. पेशंट गुंगीत असताना कोणी मायेपोटी दाबलं, तर श्वास मंदावून माणूस जायचा. नियम पटला. नियम शहाणा असेल तर मी भांडत नाही, लोक काहीही म्हणोत.

७ मार्च
नियम करणाऱ्याने सख्ख्या बहिणीचं ओरडणं ऐकलेलं नसावं.

दुपारी जेवणानंतर तिला कळ आली. माणसाच्या घशातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. रिमोट उशाशीच होता, पण म्हणाली, बोटं बधिर झालीत, ताई, तू दाब ना. गुंगीत तर नव्हती, चांगली टक्क जागी होती. मी दाबलं.

क्षणात शांत. उठून बसली आणि कंगवा मागितला. कंगवा आणायला उठले तर माझ्या कमरेत काहीतरी चावलं. वयाला कोण काय करणार.

१० मार्च
रोज दाबते आहे. ती खिडकीशी बसून गुणगुणते. मला जिना उतरवत नाही.

कॉन्व्हेंटमध्ये नन्स सांगायच्या, दुसऱ्याचं दुखणं आपण मागून घ्यावं. पावती मिळते का, असं मी विचारलं होतं आणि बाकावर उभी राहिले होते. आज ते आठवून हसायला गेले. हसण्यानेही दुखतं. कण्यातून डाव्या मांडीत, मग टाचेपर्यंत, तापल्या सळईसारखं. धाकटी याच शब्दांत सांगायची.

१२ मार्च
डॉक्टरांनी माझ्या कमरेचे फोटो काढले. म्हणे काही नाही, बाई, काळजीने होतं, फिरायला जात जा. मी म्हटलं, फिरायला पाय लागतात.

घरी नर्स आलेली. पंपात सुई घालून तिने औषध भरलं, तिच्या यंत्राने पंप तपासला. जादा औषध एकदाही गेलेलं नाही. रिमोटमधली बॅटरी कधीचीच संपली आहे. मी आल्यापासून एक थेंबही जास्तीचा नाही.

मग मी काय दाबत होते?

नवी बॅटरी आणते म्हणून ती गेली. खोलीत डोकावले. धाकटी सुईत दोरा ओवत होती. पहिल्या खेपेत ओवला.

१३ मार्च
मेहुण्यांना फोन केला. म्हणाले, तुम्ही दाबलंत ना? मला त्याच दुपारी कळलं. ताठ उभा राहिलो, भावाने मिठी मारली. मला शिव्या द्या, ताई. मी आयुष्यभर शिव्यांचा साठा बाळगला आहे, एकही सापडली नाही. त्यांनी फोन ठेवला.

धाकटीला विचारलं. रडली. माझं मी दाबलं तर काहीच होत नाही गं, दुसऱ्याने मायेने दाबावं लागतं, मी तरी काय करू? मग डोळे पुसून म्हणाली, टिल्लीला बोलावलंय.

टिल्ली. तिची लेक. मला मूलबाळ नाही. ती माझ्याच मांडीवर वाढली.

१४ मार्च
टिल्लीला फोनवर सांगितलं, येऊ नकोस, आलीस तर बटणाला शिवू नकोस. म्हणाली, मावशी, आईला भेटायला तुझी परवानगी लागते का? आणि तुझा आवाज असा का येतोय? तुलाही बरं नाही. उद्याच येते.

रिमोट पाण्याच्या बादलीत टाकला. संध्याकाळी परत तिच्या उशाशी. पुसून ठेवलेला.

बसवत नाही. आडवी होऊन लिहिते—

१५ मार्च
दाबलं नाही. आज नाही दाबणार. धाकटी ओरडते आहे. माझीही टाच, मांडी, कणा— आणखी घेतलं तर शुद्ध राहणार नाही, मग टिल्लीला अडवणार कोण—

मी वाईट बाई नाही. तोंडाळ आहे. वाईट नाही.

टॅक्सी थांबली.

तीच. आधी माझ्याकडे आली. कपाळावर हात ठेवला. मावशी, केवढी वाळलीस. मी मनगट धरलं तिचं. बोलायचं होतं— दातखीळ— कळ आली. तिला वाटलं मी पाणी मागते—

तिकडून हाक. टिल्ले, बोटं बधिर झालीत गं.

गेली. मधलं दार उघडं आहे. दिसतंय मला. वाकली. उशाशी हात—

आता जमेल. दातखीळ सुटली आहे. एक हाक पुरे. टिल्ली, नको. एवढंच. हाक मारते. ही मारलीच. आधी एवढी कळ जाऊ दे, मग लगेच—

टाच— टाच थांबली.

मांडी.

अगं आई गं, किती हलकं