आधी बूड टेक

आये, आपल्या घरात कुत्रं आलंय. दारात नाही, घरात. ऐरोलीच्या या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, तुझ्या फोटोच्या बरोब्बर खाली ते तंगड्या वर करून झोपतं. तुर्भ्याच्या खोलीत बाजारातल्या कुत्र्याने उंबऱ्याला नुसतं नाक लावलं तरी तू उंबरा धुवून काढायचीस. आता मी कामावरून येतो आणि वर्षाचंही न झालेलं हे लॅब्रॅडॉरचं धूड छातीवर दोन्ही पाय ठेवून माझं तोंड चाटायला बघतं. लाळ शर्टावर, केस आमटीत. त्यात माझे कान तुला माहीतच आहेत. लिफ्टच्या धंद्यात मी या कानांवर उभा राहिलो. बंद दाराआडून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. त्याच कानांना आता घरी आलं की याची पाणी पिण्याची लपलप ऐकावी लागते. शिसारी येते, दुसरा शब्द नाही.

तू गेल्यावर जन्मलेली तुझी नात, तिने आणलं हे. "पपा, तो अजून लहान आहे!" लहान म्हणे. कुरिअरवाल्याला भिंतीशी दाबून धरलं होतं लहान बाळाने. तेवढंही चाललं असतं, पण साताऱ्याहून मावशी यायची होती राहायला. तुझी धाकटी बहीण, आता खुब्याचं ऑपरेशन झालेली, हातात काठी. परत पडली तर उठायची नाही, असं डॉक्टरने सांगितलेलं. मी जाहीर करून टाकलं, "मावशी यायच्या आत हे माणसात आलं नाही, तर पनवेलच्या एखाद्या फार्महाऊसवर रवाना." पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मला मात्र आतून बरं वाटलं होतं.

मग कुत्र्याला शिकवायला एक वेणीवाली मुलगी आली. म्हणाली, काका, रोज दारात काय होतं ते जरा दाखवा. दाखवलं. कुत्र्याने उडी मारली, मी "हट, हट" करत खिशातून भाजलेले शेंगदाणे काढले आणि ते अंगावरून उतरावं म्हणून लांब फेकले. साताऱ्याची खोड, खिशातले शेंगदाणे काही सुटले नाहीत. ती पोट धरून हसली. "काका, तुम्ही त्याला शिकवत नाही आहात, तो तुम्हाला शिकवतोय. उडी मारली की शेंगदाणे पडतात, एवढं त्याला पक्कं पाठ झालंय." भले भले बिल्डर मला गुंडाळू शकले नाहीत आणि या लाळगळ्याने गुंडाळलं! ती म्हणाली, उडी मारली की पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही, ढकलायचंही नाही, ढकललं की त्याला खेळ वाटतो. खाली बसला की मगच दाणा. आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच. आमच्यात तुझी सून म्हणते 'बस', नात म्हणते 'सिट', आणि माझ्या तोंडी शिव्या.

मी पाठ फिरवली. पँटीवरून लाळ ओघळतेय, मागे नखं फरशीवर खरवडतायत, आणि मी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून उभा. आणि एकदम तुर्भ्याची खोली. तू स्टोव्हपाशी माथाड्यांच्या डब्यांच्या भाकऱ्या थापतेयस. मी शाळेतून येतो, तुझ्या पदराला झोंबतो, शेजारी तवा तापलेला. तू ओरडत नाहीस. नुसती पाठ करतेस. मी रडतो, भुईवर लोळतो, पाठ काही हलत नाही. "आधी बूड टेक, मग भाकरी." पाटावर बसलो की तू वळायचीस, आणि फुगलेली पहिली भाकरी माझी. माझ्या तोंडून तेच निघालं, तुझ्याच ठसक्यात, "आधी बूड टेक!" मागे नखं थांबली. शेपटी फरशीवर आपटायला लागली. बसलं होतं.

"काका, हाच शब्द ठेवा," ती मुलगी म्हणाली.

"अहो, चारचौघांत बूड काय म्हणायचं?" तुझी सून.

"तुझं बस ऐकतं का?" मी विचारलं.

आनंद नाही झाला, आये. तुझं वाक्य, आणि ते मी एका कुत्र्यावर खर्च करतोय.

मावशी आली त्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडलेल्या काठीची टकटक मी आतूनच ओळखली. कुत्र्यानेही ऐकली असावी. पट्टा पोरीच्या हातात होता, तरी दार उघडताच ते मागच्या पायांवर उभं राहिलं. पोरगी तिच्या इंग्रजी शाळेच्या मराठीत किंचाळली, "आधी बूड टेक!"

आणि मावशी बसली. काठीसकट, चपला न काढता, दाराशेजारच्या स्टुलावर, गपकन. कुत्र्याने तिच्याकडे बघितलं आणि तेही बसलं.

"आक्का हाय व्हय रं आत?" मावशीने विचारलं. मग स्वतःच हसली, पदराने डोळे पुसले. "मलाबी अशीच बसवायची तुझी आई. भूक लागली की मी लय नाचायचे. त्याला भाकरी द्या आता, बसलंय न्हवं शाण्यावानी."

तर ते राहिलं. किळस गेलेली नाही. अजून मी कोपरापर्यंत हात धुतो. पण एक सांगतो, घरात कुणाला बोललेलो नाही. काल मी आलो तेव्हा ते आधीच शहाण्यासारखं बसलेलं होतं. तरी पोरीला म्हटलं, म्हण ना एकदा. ती म्हणाली. मी बूट काढत ऐकत राहिलो.

हे लिहिताना ते टेबलाखाली होतं. आत्ता बघतो तर कागदाचा कोपरा ओला. असा उष्टा कागद तुला कसा धाडू?